तीन बोटांची फट

११ मार्च

सकाळी दारात एक बाई. गळ्यात जलमंडळाची पट्टी, पायात गुडघ्यापर्यंत बूट, बुटांना आमच्याच किनाऱ्याचा चिखल. नाव हिस्के. बोलण्यावरून उत्तरेची, फ्रीसलँडची. तिकडची माणसं आपल्याला समुद्र कळतो असं समजूनच जन्माला येतात. तरी कॉफी दिली.

तिने नकाशा टेबलावर पसरला. आमचा जुना बांध, दीपस्तंभापासून कालवांच्या धक्क्यापर्यंत. म्हणाली, हा आता पुरेसा भक्कम मानला जात नाही, त्यावर डांबर आणि खडी ओतायचं ठरतंय. मी म्हटलं, ओता. तर म्हणे, मला ते नको आहे. डांबरावर काही जगत नाही. तिला बांधाच्या पायथ्याशी, जिथे भरतीला पाणी येतं तिथे, जुनेच काळ्या बसाल्ट दगडाचे खांब पुन्हा बसवायचे आहेत. पण मधे फटी ठेवून. काही खांब उंच, काही खोल, म्हणजे ओहोटीला खळग्यात पाणी राहील. शेवाळ, खेकडे, कालवं येतील. शिवाय खडबडीत पायथ्यावर लाटेचा जोर लवकर मरतो, असंही तिचं गणित आहे. मंडळाने तिला ऐंशी मीटर करून दाखवायला सांगितलंय.

"हाताने दगड बसवणारे आता फक्त दोनच उरलेत म्हणतात. एक तुम्ही."

"दुसरा इझाक. पण पोरी, दगड घट्ट बसवायला मी आयुष्य घालवलं. सैल बसवायला दुसरा कुणी शोध."

ती गेली. चांगली मुलगी आहे, पण डोक्यात खेकडे.

१३ मार्च

इझाक पाडमोसकडे गेलो. आम्ही दोघं पंधराव्या वर्षी एकाच दिवशी बांधावर लागलो, तेव्हापासून त्याने माझं एकही वाक्य पूर्ण होऊ दिलेलं नाही. तो बागेत कांदे लावत होता.

"तुझ्याकडेही आली होती का ती?" मी विचारलं.

"आली होती. मी हो म्हटलं."

"तुझे गुडघे?"

"गुडघे नाही म्हणाले. मी हो म्हटलं." मग माती झटकत म्हणाला, "अरे, नकाशा नीट बघितलास का? ते डांबर कुठून सुरू होतंय? तुझ्या बाबांच्या तुकड्यापासून."

मी बघितला नव्हता. घरी येऊन चष्मा लावून बघितला. खरंच. १९५३ साली समुद्र बांध फोडून आत आला, त्या त्रेपन्नच्या पुरानंतर बाबांच्या टोळीने बसवलेला सगळा काळा पट्टा डांबराखाली जाणार. हिस्केचा तुकडा मंडळाला पटला तर तेच खांब काढून, धुऊन, पायथ्याशी पुन्हा बसतील. नाहीतर कायमचे गाडले जातील.

मी हिस्केला फोन केला. खेकड्यांसाठी नाही, हे तिला स्पष्ट सांगितलं.

२ एप्रिल

पहिला दिवस. पाणी सव्वानऊला उतरलं. खांब उचलून आणायला यंत्र, बसवायला आम्ही. एकेक सहा कडांचा, वाकडा, भरलेल्या पोत्याएवढा जड. हातोडा हातात घेतला आणि खांद्याला सगळं आठवलं. एकोणीस वर्षं झाली हातोडा ठेवून.

पहिले दोन खांब शेजारी ठेवले. हिस्के वाकली, मधे तीन बोटं घातली, म्हणाली, "छान! अगदी अशीच!"

मला इकडेतिकडे बघावंसं वाटलं, कुणी पाहत तर नाही ना. लग्नाला फाटक्या कोटात गेल्यासारखं.

खाली मातीचा आणि कापडाचा वेगळा थर आहे, पाणी आत शिरून काही धुऊन नेणार नाही, हे तिने तीनदा समजावलं. समजतं मला. डोक्याला समजतं.

११ एप्रिल

फार छान दिवस गेला. ऊन होतं. हिस्केने विचारलं, जुन्या काळी कसं चालायचं, आणि मी सुरू झालो. पहाटे सायकलींची रांग, हँडलला डबे. चामड्याच्या गुडघेपट्ट्या, ज्यांना घामाचा असा वास यायचा की टोना त्या घरात घेऊ द्यायची नाही. माझी बायको, तिला जाऊन आता सहा वर्षं होतील. इझाक स्तोत्रं म्हणायचा आणि सगळ्या टोळीचा सूर बिघडवायचा.

आणि बाबा. ते मुकादम होते. संध्याकाळी सगळे पाय पसरून बसले की ते खिशातला चाकू काढून एकटेच दगडांवरून चालत जायचे. दोन खांबांच्या मधे पातं घालून बघायचे. पातं आत गेलं की तो खांब उपटायचा, मग कितीही उशीर होवो. एक शब्द बोलायचे नाहीत. चाकू पुसायचे आणि पुढे जायचे. माझा खांब त्यांनी पहिल्या वर्षात बेचाळीस वेळा उपटायला लावला. मी मोजले होते.

हिस्के हातोडा खाली ठेवून ऐकत होती. सहा ओळी झाल्या. इतकं काम या आठवड्यात झालं नव्हतं.

१२ एप्रिल

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. कालच्या सहापैकी चार ओळींतल्या फटी बुजवलेल्या! वरवर नाही, कपच्या ठोकून, अगदी आतपर्यंत. काम म्हणाल तर सुंदर. पण आम्हाला फटी हव्या आहेत.

हिस्के म्हणाली, "हरकत नाही, काढू." आवाज शांत होता, पण चेहरा पडला होता. दिवसभर छिन्नीने कपच्या उकरल्या.

हे काम येणारी माणसं दोनच. मी इझाककडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" तो म्हणाला. "तू तिकडे होतास, मी इकडे."

"मग काय फटी आपोआप भरल्या?"

"अरे लेका, स्वतःच्या हातांना विचार."

नेहमीची थट्टा. मला हसू आलं नाही.

६ मे

पुन्हा. या वेळी तीन ओळी. यंत्रावरच्या पोरांना विचारलं, ते खांदे उडवतात. इझाकला सरळ विचारलं, तू मुद्दाम करतोस का? ही योजना तुला पसंत नसेल तर तसं सांग. त्याने हातोडा पिशवीत घातला, सायकलवर बसला आणि निघून गेला. पंचावन्न वर्षांत हे पहिल्यांदा.

जाऊ दे. चोराच्या मनात चांदणं.

१५ मे

जलमंडळाचे ओव्हरबेके येऊन गेले. उंच, वाळलेले, सभ्य. त्यांनी अट वाचून दाखवली. सप्टेंबरात मोजणी. दर मीटरला सरासरी निदान नऊ जातींचे जीव सापडले पाहिजेत, तर तुकडा मंजूर. एक ऑक्टोबरला वादळांचा मोसम सुरू होतो, त्यानंतर बांधाला कुणी हात लावायचा नाही. मंजूर नाही झाला तर वसंतात डांबर.

बांधावरून परत जाताना बाबांच्या तुकड्यावर थांबलो. खांब इतके घट्ट की त्यांच्यावर काही म्हणजे काही उगवलेलं नाही. मला ते नेहमी स्वच्छ वाटायचं.

४ जून

हिस्के फार मायाळू झाली आहे. रोज येताना झीरिकझेच्या दुकानातून लोण्याच्या टॉफीची पिशवी आणते आणि काम सुरू करण्याआधी मला एक देते. "तोंडात ठेवा रीनस, चावायची नाही." संपली की दुसरी हजर. माझ्या दातांचं काय होईल ते होवो, नाही कसं म्हणू? टॉफी तोंडात असताना बोलता येत नाही एवढी एकच अडचण.

गोष्टी मात्र तिला हव्याच असतात. जेवणाच्या सुट्टीत वर गवतावर बसवते, दोन्ही हातांत कॉफीचा मोठा पेला देते आणि म्हणते, "आता सांगा." पेला खालीही ठेवू देत नाही, म्हणते गार होईल. मी सांगतो आणि ती वहीत काहीतरी लिहीत असते.

आणि फटी बुजवण्याचा प्रकार पूर्ण थांबलाय. महिना होत आला. इझाक नाही आणि फटी शाबूत. मी काही बोलत नाही, पण ज्याला दिसायचं त्याला दिसतं.

२७ जून

एप्रिलमधल्या ओळींत हिरवं शेवाळ आलंय, मऊ, लहान मुलाच्या जावळासारखं. खळग्यात चिमुकल्या कोलंब्या, आरपार दिसणाऱ्या. हिस्के पालथी पडून मोजत होती आणि प्रत्येक नवा जीव दिसला की ओरडत होती. मीही पालथा पडलो. एका फटीत नखाएवढा खेकडा होता. मी बोट नेलं तर नांग्या उगारून उभा राहिला. एवढासा जीव, पण हा दगड माझा असा त्याचा आव. बराच वेळ बघत पडलो. उठताना तिलाच मला हात द्यावा लागला.

टोना असती तर आज जेवताना किती सांगितलं असतं. उकडलेल्या बटाट्यांना हे सांगून उपयोग नाही, म्हणून इथे लिहितोय.

१ ऑगस्ट

अजून अकरा मीटर बाकी आणि ओहोटीच्या चांगल्या वेळा मोजक्याच. हिस्केने मला न विचारता इझाकला परत बोलावलं. तो आला, टोपीला हात लावला आणि दगड सरकवायला लागला. मीही टोपीला हात लावला. दुपारी त्याने त्याच्या डब्यातला दालचिनीचा गोड पाव अर्धा मोडून माझ्यापुढे ठेवला. मी खाल्ला.

८ ऑगस्ट

हिस्के आज हेगला, बैठकीसाठी. आम्ही दोघंच. यंत्रावरच्या पोराने खांब उतरवून दिले आणि तो गेला. समुद्र शांत होता, तेलासारखा. टॉफीही नव्हती.

कशावरून निघालं आठवत नाही. इझाक म्हणाला वाटतं, आज तुझी याना पंच्याहत्तरची झाली असती. त्याच्या बरं लक्षात राहतं. आणि मी बोलायला लागलो. यानाबद्दल मी कधी कुणाशी बोललो नाही, टोनाशीसुद्धा दोनदाच. माझी थोरली बहीण. त्रेपन्नच्या त्या रात्री मी चार वर्षांचा, ती साडेआठची. मला आठवतं ते असं: आम्ही माळ्यावर, माझ्या मांडीवर एक ओली कोंबडी, आणि खालून घराच्या आत लाटांचा आवाज. याना शिडीवरून दुसरी कोंबडी आणायला खाली उतरली. बाबांनी तिचा हात धरला होता. हात सुटला. बास. तेवढंच आठवतं, आणि ती कोंबडी मी सकाळपर्यंत सोडली नाही ते.

बाबा तोवर शेतमजूर होते. त्या वसंतात ते बांधाच्या टोळीत गेले. का गेले हे कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मी पंधराचा झाल्यावर मलाही घेऊन गेले आणि पहिल्या दिवशी एवढंच म्हणाले, "नीट बसव."

इझाक मधे एकदाही बोलला नाही, त्याने मला पूर्ण बोलू दिलं. पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही वर आलो. अकरा मीटर पूर्ण झाले होते. फार हलकं वाटतंय. आज झोप लागेल.

९ ऑगस्ट

सकाळी सर्वांत आधी मी पोचलो. अकराच्या अकरा मीटर बुजलेले. एकही फट नाही.

इझाक मागून येऊन उभा राहिला. मी वळलो आणि तोंडाला येईल ते बोललो. इथे लिहिण्यासारखं नाही. तो म्हणाला, "झालं? आता ऐक. काल मी खांब ढकलत होतो. बसवत तू होतास. कपच्याही तूच ठोकत होतास, आठवड्याभरातल्या ओळींतसुद्धा."

"मी?"

"तू. बोलत होतास आणि हात चालू होते. खाली बघतही नव्हतास. एप्रिलमधेही तूच, मे महिन्यातही तूच."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तू ऐकतोस का कधी?"

"आणि काल? काल तरी थांबवायचं!"

इझाकने टोपी काढली. "तू यानाबद्दल बोलत होतास, रीनस. तुला मी थांबवणार होतो?"

मी खाली बसलो. कपच्या बघितल्या. प्रत्येक कपची डावीकडून तिरकी ठोकलेली. मी डावखुरा आहे, इझाक नाही. एप्रिलमधे मी ते सुंदर काम म्हटलं होतं.

दुपारी हिस्के आली. तिला काही सांगावं लागलं नाही. टॉफीचा आणि कॉफीच्या पेल्याचा अर्थ आज कळला: काम करताना तोंड अडकलेलं, बोलताना हात. मी विचारलं, "मला सरळ का नाही सांगितलंस, पोरी?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मिठाची गुळणी धरून बसला असता. आणि मला तुमचे बाबा, बास्तियान हान्से, कोण होते ते कळलं नसतं."

मला रडू आलं. दोघांसमोर आलं. लाज वाटली नाही.

२१ ऑगस्ट

रोज ओहोटीला तिघं मिळून कपच्या उपटतोय. स्वतःचं घट्ट काम उकरणं किती अवघड असतं ते मला आता कळतंय, आणि बाबांसमोर बेचाळीस खांब उपटणारा तो पोरगाही आठवतो. इझाकची माफी मागितली. तो म्हणाला, "तुझी माफीसुद्धा कपचीसारखी आहे, कडेने घुसते." म्हणजे मिळाली.

२९ ऑगस्ट

सगळ्या फटी मोकळ्या. पण ते अकरा मीटर उघडेबोडके आहेत. मोजणीला तीन आठवडेही नाहीत. हिस्के आकडे मांडते, खोडते, परत मांडते.

१८ सप्टेंबर

मोजणी झाली. सविस्तर लिहितो.

ओव्हरबेके आणि त्यांची दोन माणसं, एक मीटरची लाकडी चौकट. ती दगडांवर ठेवायची, आतले जीव मोजायचे, उचलून पुढे ठेवायची. आम्ही वर गवतावर. पहिल्या एकोणसत्तर मीटरना सरासरी दहा आली. दहा! शेवाळ तीन प्रकारचं, शंख, खेकडे, कोलंब्या, एका खळग्यात बोटाएवढा मासा, आणि ओव्हरबेकेंनी स्वतः ओळखलेलं एक कालवाचं पिल्लू. मग शेवटचे अकरा मीटर. तिथे दोन. ऐंशीची सरासरी काढली: आठ दशांश नऊ.

नऊ हवे होते.

ओव्हरबेकेंनी पेन टेकवलं आणि विचारलं, "या शेवटच्या तुकड्याचं काय झालं?"

हिस्के म्हणाली, "उशिरा पूर्ण झाला. शिवाय तिथे पाण्याचा जोर..." पुढे बोलली नाही. तिला खोटं बोलता येत नाही.

मी उठलो. खाली उतरून त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "जोर नाही. तो तुकडा मी बिघडवला. फटी बुजवल्या आणि नंतर उकरून काढल्या."

इझाक मागून म्हणाला, "दोघांनी."

"गप रे. एकट्याने."

ओव्हरबेकेंनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, कारागिराचा दोष म्हणून बांधाच्या नोंदवहीत लिहिला गेला, तर तेवढा तुकडा मोजणीतून वगळायचा नियम आहे. पण नोंद कायमची राहते. नाव, दोष आणि कारण. "तुम्हाला मान्य आहे?"

या वहीबद्दल लिहिलं पाहिजे. ती जाड वही आमच्या बांधाची, त्रेपन्नपासूनची. तिच्यात चांगलं काम करणाऱ्याचं नाव येत नाही. टोळीचा क्रमांक येतो, मीटर येतात, तारीख येते. नाव येतं फक्त ज्याने चूक केली त्याचं. ज्याचं नाव वहीत आहे त्याच्याशी टोळीत वर्षभर कुणी धड बोलायचं नाही. मी छत्तीस वर्षं, बाबांनी एकवीस वर्षं काम केलं, आणि आमच्या घरातलं एकही नाव तिच्यात नाही. याचा मला केवढा तोरा होता ते टोनाला विचारायला हवं.

मी म्हटलं, "लिहा."

त्यांनी गाडीतून वही आणली, माझं नाव लिहिलं, दोष लिहिला. मग विचारलं, "कारण?"

म्हातारपण म्हणावं की सवय? तीन माणसं, समुद्र, सगळे थांबलेले. मग जे होतं ते सांगितलं. "बोलत होतो."

"कशाबद्दल?"

"वडिलांबद्दल. बहिणीबद्दल. बोलता बोलता फटी बुजवल्या."

ओव्हरबेकेंचं पेन थांबलं. मला वाटलं हसतील, किंवा 'निष्काळजीपणा' लिहून मोकळे होतील. ते म्हणाले, "त्यांची नावं सांगा, नीट लिहितो." मी सांगितली. त्यांनी सावकाश लिहिली आणि सहीसाठी वही माझ्याकडे फिरवली. मी चष्मा लावून वाचलं.

तुकडा मंजूर झाला. बाबांचे खांब वसंतात निघतील आणि पायथ्याशी बसतील, सगळे. हिस्केने मला मिठी मारली, इझाकने नाक शिंकरलं. पण मी ते सगळं नीट पाहिलंच नाही, कारण मी अजून ती ओळ वाचत होतो. एकवीस वर्षं एकही चूक न केलेल्या माणसाचं नाव बांधाच्या वहीत पहिल्यांदाच आलं होतं, माझ्या चुकीपायी. बास्तियान हान्से. आणि त्याच ओळीत, त्यांच्या शेजारीच, याना.